राखुंडी, दातवण, मिसरी : धाराशिव परिसरातील हिरड्यांचा इतिहास

धाराशिव जिल्ह्यात दात घासण्याची जुनी साधने शेताच्या बांधावर आणि चुलीपुढे मिळत. कडुनिंबाची किंवा बाभळीची करंगळीएवढी हिरवी काडी मोडायची, एक टोक दाढेखाली चावून त्याचा कुंचा करायचा आणि त्याने दात घासायचे. मग तीच काडी उभी चिरून जिभेवरून फिरवायची आणि फेकून द्यायची. काडी हाताशी नसली तर गोवरीची राखुंडी, कोळशाची पूड नाहीतर जाडे मीठ. बालाघाटाच्या डोंगररांगांच्या या अवर्षणाच्या मुलखात बाभूळ आणि कडुनिंब भरपूर होते आणि राख तर प्रत्येक घरात रोज निघत असे. पुढे या साधनांमध्ये आणखी एक वस्तू येऊन बसली. ती म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखू, मिसरी. कुठे तिला मशेरी म्हणतात, कुठे मिश्री. या भागातील स्त्रियांच्या हिरड्यांची गेल्या कित्येक पिढ्यांची कहाणी बरीचशी या मिसरीचीच कहाणी आहे.

आधीची साधने अनुभवातून आलेली होती आणि त्यांत तथ्यही होते. बाभळीच्या सालीतील तुरट द्रव्याने हिरडी आवळल्यासारखी वाटते, कडुनिंबाच्या रसाने तोंडातील काही जिवाणूंची वाढ मंदावते आणि काडी चावताना सुटणारी लाळ तोंड धुऊन काढते. पण खरे काम कुंच्याचे असते. हिरडीच्या कडेला दातावर जिवाणूंचा मऊ, पांढुरका थर रोज साचतो. तो रोज निघाला नाही तर लाळेतील क्षारांमुळे काही दिवसांत कडक होतो; त्यालाच किटण म्हणतात. किटणाच्या खडबडीत पृष्ठभागावर नवा थर आणखी घट्ट बसतो, हिरडी सुजते आणि घासताना रक्त येते. इथपर्यंतचे नुकसान भरून येण्यासारखे असते. त्यापुढे मात्र दात आणि हिरडी यांमधील फट खोल होत जाते, दाताला धरून ठेवणारे हाड आतून झिजते आणि एरवी धडधाकट असलेला दात हलू लागतो. लोक ज्याला पायरिया म्हणतात तो हा टप्पा. काडी पुढच्या दातांवर छान चालते, दाढांच्या आतल्या बाजूला तिचा कुंचा नीट पोचत नाही. राखुंडी आणि कोळसा दात पांढरे करतात, पण बोटाने लावलेली पूड फटीत शिरत नाही, आणि तिच्या खरखरीतपणाने दाताचा हिरडीलगतचा भाग घासला जाऊन तिथे खाच पडते.

काडी मातीत कुजून जाते, त्यामुळे प्राचीन वस्तीत ती सापडण्याची आशा नसते. याच जिल्ह्यातील तेर हे तेरणेकाठचे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात तगराहून भडोचच्या बंदराकडे जाणाऱ्या कापडाचा उल्लेख आहे. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातील मृण्मय मूर्ती आणि हस्तिदंती वस्तूंवरून त्या नगरीचा व्यापार आणि साजशृंगार कळतो. लोक दात कसे घासत हे त्यांवरून कळत नाही. ते सांगायला दातच लागतात. दख्खनमधील असा सर्वांत चांगला पुरावा पुणे जिल्ह्यातील इनामगावचा आहे. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून पुढे दीडेक दशक उत्खनन केले आणि दोनशेहून अधिक दफने उघडकीस आणली. त्या सांगाड्यांच्या दातांचा अभ्यास जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी केला. कीड, किटण, बालपणातील उपासमारीमुळे दाताच्या वेष्टनावर उमटलेल्या आडव्या रेघा या खुणांवरून त्या माणसांचे खाणे आणि आजारपण वाचता आले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याच्या शरीराचा वृत्तान्त त्याच्या तोंडात नोंदलेला राहतो, ही गोष्ट आजच्या वैद्यकालाही महत्त्वाची वाटावी अशी आहे.

लिखित पुरावा आयुर्वेदात भरपूर आहे. सुश्रुताने मुखरोग ६५ मोजले आणि त्यांतील १५ दंतमूलाचे, म्हणजे हिरडीचे, सांगितले. प्रत्यक्ष दातांचे मात्र आठच. हे प्रमाण बोलके आहे. जुन्या वैद्याला दातापेक्षा हिरडीने जास्त छळले होते. त्याने वर्णिलेल्या ‘शीताद’ या रोगात हिरडीतून अकस्मात रक्त येते, ती मऊ होते, काळवंडते आणि तिला दुर्गंधी येते. ‘दंतवेष्ट’ या रोगात पू आणि रक्त वाहते आणि दात हलतात. आजच्या दंतवैद्याला ही वर्णने ओळखीची वाटतील. दातवणाच्या काडीबद्दलही काटेकोर नियम आहेत. ती बारा अंगुळे लांब असावी, करंगळीच्या टोकाएवढी जाड असावी. कडू झाडांत निंब उत्तम, तुरटांत खैर, तिखटांत करंज. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग यानेही दंतकाष्ठाचे सविस्तर वर्णन केले असून ती बारा अंगुळांची आणि कमीत कमी आठ अंगुळांची असावी, असे माप दिले आहे. ग्रंथातील नियम प्रत्यक्ष आचरणात होता, याची ही बाहेरच्या माणसाची साक्ष आहे.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात याहून वेगळी अशी एक सूचना आहे. अजीर्ण, वांती, दमा, खोकला, ताप, तोंड वाकडे होणे, तहान, तोंड येणे, तसेच हृदय, डोळे, डोके आणि कान यांचे विकार असलेल्याने दातवणाची काडी वापरू नये, असे तो सांगतो. यामागचे कारण आजच्या शास्त्राशी जुळणारे नाही आणि ते ओढूनताणून जुळवण्याची गरजही नाही. मात्र तोंड स्वच्छ करण्याच्या कृतीचा विचार करताना वैद्याच्या डोळ्यांसमोर रोग्याचे सगळे शरीर होते, एवढे त्यातून निश्चित दिसते.

तंबाखू या भागात आली ती आदिलशाहीतून. पोर्तुगिजांनी अमेरिकेतून आणलेले हे पीक गोव्याच्या वाटेने दख्खनमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोचले. अकबराचा दूत असद बेग विजापूरला गेला असता त्याने तिथे तंबाखू पाहिली आणि १६०४-०५ च्या सुमारास ती मुघल दरबारात नेऊन बादशहापुढे ठेवली. त्या वेळी दरबारातील हकिमांमध्ये या नव्या वनस्पतीच्या गुणदोषांवर वाद झाल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. आग्र्याला जी वस्तू नवलाची होती ती विजापुरात आधीच रुळली होती. विजापूरच्या ज्या इब्राहिम आदिलशहाच्या दरबारात असद बेग गेला, त्याच इब्राहिमने पुढे नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बंधारा घालून पाणीमहाल बांधवला. उत्तरेच्या आधी तंबाखू पाहणाऱ्या राज्याचा आजच्या धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग हा एक भक्कम कोट होता.

सुरुवातीला तंबाखू ओढली जाई, मग पानातून खाल्ली जाऊ लागली. तिचा दाताशी संबंध जुळायला मात्र आधीची एक चाल कारण झाली असावी. दख्खनमध्ये लग्न झालेल्या स्त्रिया दातांना काळे दातवण लावत. हिरडा, मायफळ अशा तुरट फळांची पूड आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा एक क्षार, यांचे ते मिश्रण असे. तुरट द्रव्य आणि लोह एकत्र आले की शाईसारखा पक्का काळा रंग तयार होतो. जुनी बोरूची शाई याच रीतीने बनत असे. असे काळेभोर दात सवाष्णीच्या शृंगाराचा भाग मानले जात. उत्तरेकडील मिस्सी ही याच जातीची. स्त्रीने दातांना काळी पूड चोळून ती काही वेळ तशीच ठेवणे, हे त्यामुळे घराघरांत ओळखीचे दृश्य होते. भाजून काळी केलेली तंबाखू त्या जागी सहज सामावली. पुरुषाच्या चिलमीला व्यसन म्हणत. बाईच्या मिसरीला दात घासणे म्हणत. या एका फरकाने पुढच्या सगळ्या गोष्टी ठरल्या.

मिसरी घरीच तयार होते. बाजारातून आणलेली काळी पानतंबाखू लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजतात. धुराने डोळे चुरचुरतात, घरभर ठसका बसतो. पान सगळीकडून काळे झाले की ते चुरून वस्त्रगाळ पूड करतात आणि डबीत भरून ठेवतात. सकाळी उठल्यावर डाव्या तळहातावर चिमूटभर घेऊन उजव्या हाताच्या तर्जनीने ती दातांवर आणि हिरड्यांवर घासायची, काही वेळ तोंडात धरायची आणि थुंकून चूळ भरायची. बहुतेकींची सुरुवात सकाळच्या एका वेळेने होते. मग दुपारच्या जेवणानंतर, कामातून विसावा मिळाला की, रात्री निजताना, असे तिचे प्रहर वाढत जातात. निकोटिन तोंडाच्या अस्तरातून थेट रक्तात जाते, त्यामुळे सवय लागायला वेळ लागत नाही. दात दुखतो म्हणून सासूने किंवा जावेने दिलेली पहिली चिमूट पुढे आयुष्यभराची होते, हे मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत अनेकींच्या बाबतीत घडले आहे.

तिच्या टिकण्याला श्रमाचेही कारण होते. भूम, वाशी, कळंब या भागांतून दर हिवाळ्यात ऊसतोडीसाठी टोळ्या बाहेर पडतात. पहाटे फडात उतरणाऱ्या बाईला मिसरीने भूक मरते, तरतरी येते, ठणकणारी दाढ काही वेळ गप्प बसते. यातील प्रत्येक परिणाम खरा आहे आणि प्रत्येक परिणाम निकोटिनचा आहे. उपाशीपोटी कष्ट करणाऱ्या बाईला मिसरी सोड म्हणणे सोपे असते. मिसरीने तिची कोणती गरज भागवली हे आधी समजून घेतले पाहिजे.

हिरडीवर मात्र तिचा परिणाम नेमका उलटा होतो. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. तंबाखू वापरणाऱ्या माणसाची हिरडी त्यामुळे रोगट असूनही कमी सुजलेली दिसू शकते आणि तिच्यातून रक्त कमी येते. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांत हे फार स्पष्टपणे दिसून आले आहे. रक्त येणे ही हिरडीच्या रोगाची पहिली सूचना, आणि तीच दबली जाते. बाईला वाटते, मिसरीने हिरडी घट्ट झाली. आत हाड झिजत असते. शिवाय पूड ज्या जागी रोज चोळली जाते तिथली हिरडी मागे सरते, दाताचे मूळ उघडे पडते, थंड पाण्याने कळ येते, आणि त्या कळेवर पुन्हा मिसरीच लावली जाते. तोंडाच्या अस्तरावर पांढरे चट्टे उमटू लागतात. त्यांतील काही पुढे कर्करोगाचे रूप घेतात. तंबाखू भाजल्याने ती निर्दोष होते हा समजही खरा नाही. पान जळताना धुरातील कर्करोगकारी द्रव्ये त्या पुडीतच उतरतात, आणि तंबाखूत मुळात असलेली नायट्रोसामाइन्स तिच्यात असतातच. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात मिसरीचे रासायनिक पृथक्करण करून हे दाखवून दिले.

दात हलू लागल्यावर जाण्याची ठिकाणे मोजकी होती. गावात फिरत येणारे वैदू झाडपाला देत, तुंबडी लावत, हलता दात उपटून देत. दातात कीड शिरते हा समज सार्वत्रिक होता. सुश्रुताच्या ग्रंथातही कृमिदंत आहेच. तुळजापूरच्या नवरात्रात, येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत मंजनवाले आणि जडीबुटीवाले पाल ठोकून बसत. शिकलेला दंतवैद्य मात्र फार दूर होता. भारतातील पहिले दंत महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकात्यात काढले, मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले आणि दंतवैद्यकाचा कायदा १९४८ मध्ये झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, जिल्हा निजामी अमलातून मोकळा झाला. मराठवाड्याला औरंगाबादचे शासकीय दंत महाविद्यालय मिळायला १९८२ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी लातूर जिल्हा उस्मानाबादपासून वेगळा झाला.

दरम्यान दुकानातून दुसऱ्या वस्तू येत होत्या. माकडछाप काळे मंजन, कोलगेटची पत्र्याच्या डब्यातील पांढरी पूड, पुढे विको वज्रदंती. कोलगेट भारतात १९३७ मध्ये आली. नायलॉनचे केस असलेला पहिला ब्रश अमेरिकेत त्याच्या पुढच्या वर्षी निघाला. खेड्यात ब्रश पोचायला आणखी काही दशके गेली, आणि तो आधी पोचला शाळकरी मुलांकडे आणि नोकरदारांकडे. एकाच घरात नातवाच्या हाती ब्रश, आजोबांच्या तोंडात निंबाची काडी आणि आजीच्या बोटाला मिसरी, असे तीन काळ एकाच सकाळी नांदत.

हिरड्यांचा रोग भारतात किती आहे, याची पद्धतशीर मोजणी १९५० च्या दशकाअखेर सुरू झाली. अमेरिकन दंतवैद्य जॉन ग्रीन यांचा भारतातील पाहणीचा अहवाल १९६० मध्ये आणि सिगुर्ड राम्फ्योर्ड यांचा मुंबईतील ११ ते १७ वर्षांच्या मुलांचा अभ्यास १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. हिरड्यांचा दाह मुलांमध्येही सर्रास आढळला. भारतीयांच्या हिरड्या वंशाने किंवा हवामानाने दुबळ्या असतात अशी समजूत तेव्हा होती. रोगाची तीव्रता प्रामुख्याने वयावर आणि दातांवरील थर व किटण यांवर अवलंबून असते, असे या आणि अशा अभ्यासांतून पुढे आले. डेन्मार्कमधील आऱ्हुस येथे हॅराल्ड लोय यांनी १९६५ मध्ये हे प्रयोगाने सिद्ध केले. निरोगी हिरड्यांच्या स्वयंसेवकांनी दात घासणे थांबवले, तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणे सुरू करताच त्या पूर्ववत झाल्या. लोय यांनीच पुढे श्रीलंकेतील ४८० चहामळा मजुरांचा पंधरा वर्षे अभ्यास केला. दात घासण्याची कसलीही सवय नसलेल्या या माणसांपैकी सुमारे ११ टक्क्यांत रोग हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही, सुमारे ८ टक्क्यांत तो झपाट्याने वाढून दात गेले, उरलेल्यांत मध्यम गतीने वाढला. एकाच मळ्यातील, एकच अन्न खाणाऱ्या माणसांतील हा फरक शरीराच्या प्रतिकारशक्तीचा आहे. म्हणजे हिरडीचा रोग जिवाणूंमुळे सुरू होतो, पण तो किती पुढे जाईल हे उरलेल्या शरीरावर ठरते.

महाराष्ट्राचे स्वतःचे मोठे काम तंबाखूच्या बाजूने झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतसंशोधनाचा एक स्वतंत्र विभाग होता. अणुविज्ञान आणि गणित यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत खेडुतांची तोंडे तपासणारा विभाग असावा, ही आपल्या विज्ञानेतिहासातील अभिमानाची गोष्ट आहे. फली मेहता, प्रकाश गुप्ता, दिनेश दफ्तरी आणि डॅनिश रोगनिदानतज्ज्ञ येन्स पिंडबोर्ग यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून १९७२ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. स्त्रियांमधील तंबाखूचे मुख्य रूप मिसरी आहे, हे त्यातून आकड्यांनिशी समोर आले. याच गटाने पुढे गुजरात, केरळ आणि आंध्रातील सुमारे ३६ हजार तंबाखूसेवकांना वर्षानुवर्षे समजावून सांगितले, आणि तंबाखू सोडणाऱ्यांच्या व कमी करणाऱ्यांच्या तोंडातील पांढरे चट्टे घटतात हे दाखवले.

धाराशिव जिल्हा या इतिहासात थेट येतो तो १९८७ मध्ये. त्या वर्षी बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या कक्षेत सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि उस्मानाबाद जिल्ह्यातील परांडा व भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे होती. शहरातील नोंदणी रुग्णालयांच्या कागदांवर चालते. इथे रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हते. म्हणून कार्यकर्ते ठरावीक काळाने गावोगाव फिरत, सरपंच, शिक्षक, दाई, पोलीस पाटील यांना भेटत, गावकऱ्यांना बसवून रोगाची लक्षणे समजावत, आणि न भरणारी जखम किंवा गाठ असलेल्या माणसाला तपासणीला घेऊन येत. नोंदणीची ही पद्धतच प्रबोधनाची झाली. याच रुग्णालयाने मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाबरोबर आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेबरोबर १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा भव्य अभ्यास केला. जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या, आणि एकदाच केलेल्या विषाणूच्या चाचणीने या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष जगभर गाजला. त्या अभ्यासाचा विषय तोंड नव्हता. पण घराबाहेर तपासणीला येणार नाही असे जिच्याबद्दल गृहीत धरले जाते ती खेड्यातील बाई नीट समजावले तर येते, एवढे त्यातून कायमचे सिद्ध झाले.

तोंडाचा आणि उरलेल्या शरीराचा संबंध या काळात जगातही पुन्हा चर्चेत आला होता. त्याची आधीची फेरी दुःखद ठरली होती. ब्रिटिश वैद्य विल्यम हंटर यांनी १९१० मध्ये माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातील व्याख्यानात अनेक आजारांचे खापर दातांतील दडलेल्या संसर्गावर फोडले, आणि त्यानंतर अमेरिका-इंग्लंडात संधिवातापासून मनोविकारापर्यंत कशासाठीही दात उपटण्याची लाट आली. लाखो चांगले दात विनाकारण गेले. पुराव्याअभावी ती कल्पना मागे पडली. फिनलंडमधील एका अभ्यासाने १९८९ मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्यांचे दात इतरांपेक्षा वाईट असल्याचे दाखवले, तेव्हा विषय पुन्हा उघडला. या खेपेला अधिक सावधपणे.

आज जे सांगता येते त्यात मधुमेहाचा दुवा सर्वांत पक्का आहे. मधुमेहात हिरडीचा रोग अधिक वेगाने वाढतो. लोय यांनी १९९३ मध्ये त्याला मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटले. उलट दिशेनेही तसेच घडते. किटण काढून हिरडीवर उपचार केले तर तीन-चार महिन्यांनी तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा सुमारे ०.३ ते ०.४ ने उतरतो. हृदयाच्या बाबतीत संबंध आढळतो, पण हिरडीच्या रोगामुळेच हृदयविकार होतो हे सिद्ध झालेले नाही, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये स्पष्ट केले. गरोदरपणात हिरडीचा रोग असलेल्यांत अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे जास्त आढळतात. मात्र गरोदरपणी हिरडीवर उपचार केल्याने ती कमी होतात, असे मोठ्या चाचण्यांत दिसले नाही. ते उपचार त्या काळात सुरक्षित असतात, हे मात्र त्यांतून कळले. गरोदर बाईने दाताला हात लावू नये या समजुतीला त्यामुळे आधार उरत नाही.

मिसरीच्या बाबतीत अशी संदिग्धता नाही. प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी मुंबईत घरोघर जाऊन १,२१७ गरोदर स्त्रियांचा मागोवा घेतला आणि २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. तोंडातून तंबाखू घेणाऱ्या, त्यातही प्रामुख्याने मिसरी लावणाऱ्या, स्त्रियांची बाळे सरासरी १०५ ग्रॅम कमी वजनाची होती आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली. मुंबईतील दुसऱ्या एका दीर्घ पाहणीत ३५ वर्षांवरील अशा स्त्रियांचे मृत्युप्रमाण तंबाखू न वापरणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांशाने अधिक आढळले. ज्या वस्तूला दात घासायची पूड मानले, तिने गर्भातील बाळापर्यंत मजल मारली होती.

केंद्र सरकारने १९९२ मध्ये दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली. उत्पादकांनी तिला आव्हान दिले, पण सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ती कायम ठेवली. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. पहिल्या कायद्याने दंतमंजन म्हणून तंबाखू विकता येईनाशी झाली, ही मोठीच गोष्ट होती. घरच्या तव्यावर भाजलेल्या पानाला मात्र यांतला कोणताही कायदा लागू होत नाही. तिथे फक्त बोलणे पोचते.

प्रौढांच्या तंबाखूसेवनाच्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात तंबाखू वापरणारे प्रौढ २००९-१० मध्ये ३१.४ टक्के होते, ते २०१६-१७ मध्ये २६.६ टक्क्यांवर आले. स्त्रियांमध्ये धूम्रपान नगण्य आहे; तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक सगळ्या स्त्रिया तिची बिनधुराची रूपेच वापरतात, आणि २०१६-१७ मध्ये त्यांचे प्रमाण १६.६ टक्के होते. केंद्राचा राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ मध्ये सुरू झाला, धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२२ मध्ये सुरू झाले, आणि तीस वर्षांवरील प्रत्येकाच्या असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीत आता रक्तदाब व साखरेबरोबर तोंडही पाहिले जाते. आशा कार्यकर्ती घरी जी यादी भरून घेते तिच्यात तंबाखूचा प्रश्न असतो, आणि तोंडातील न भरणाऱ्या जखमेचा किंवा चट्ट्याचाही.

राष्ट्रीय पाहणीत ‘तंबाखू वापरता का’ एवढ्यावर थांबत नाहीत. खाण्याची, पानातून घेण्याची आणि दातांना लावण्याची तंबाखू वेगवेगळी विचारतात, आणि शेवटच्या प्रकारात मिसरी, गुल, गुडाखू अशी नावे घेऊन विचारतात. धाराशिवच्या गावांत या रीतीला विशेष अर्थ आहे. तंबाखू खात नाही असे मनापासून सांगणारी बाई मिसरीचे नाव घेताच दिवसातून किती वेळा लावते ते सांगते, आणि त्यानंतरच तिच्या हिरडीची, साखरेची आणि पोटातल्या बाळाची खरी तपासणी सुरू होऊ शकते.